१९२८ चा गिरणी संप सहा महिने टिकला कसा? (प्रदर्शनाच्या तक्त्यांसाठी नेमकी माहिती हवी)

चाळ_क्रमांक_१२

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या मुंबईतल्या मंडळातर्फे गिरणगावावर छोटं प्रदर्शन करायचं ठरलंय. एकूण बारा तक्ते, त्यातले चार १९२८ च्या संपाचे. एका तक्त्यावर सव्वाशे-दीडशे शब्द मावतात, त्यामुळे मोघम लिहून भागणार नाही. 'कामगारांनी एकजुटीने लढा दिला' हे वाक्य प्रत्येक स्मरणिकेत असतं आणि ते वाचून नववीतल्या पोराला काहीही कळत नाही.

अडलंय ते असं. दीड लाख माणसं एप्रिल ते ऑक्टोबर पगाराविना जगली कशी? भांडण नेमकं कशावरून होतं? 'तीन साचे' म्हणजे काय, हे ज्यानं माग कधी पाहिलाच नाही त्याला कसं सांगायचं? मुकादम (माणसं कामावर लावून त्यांच्यावर देखरेख करणारा) कामगारांच्या बाजूचा की मालकांच्या, यावर आमच्यातच दोन तट आहेत. आणि त्याच गिरणगावात १९८२ चा संप वर्षभराहून जास्त चालूनही हाती काही का लागलं नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावं, तक्त्यात बसवायचं काम आमचं.

---

धोटा_कांडी

आधी साच्यांचं बघू. ते कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

गिरणीत मागाला साचा म्हणत. एका विणकरानं दोन साचे सांभाळायचे ही मुंबईची रीत. साचा आपोआप चालतो म्हणून विणकर नुसता उभा असतो असं नाही. आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो धोटा, आणि त्यातल्या कांडीवरचं (सूत गुंडाळलेल्या नळीवरचं) सूत काही मिनिटांत संपतं. मग साचा थांबवायचा, रिकामी कांडी काढायची, भरलेली बसवायची, सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर घ्यायचं, साचा परत चालू करायचा. तेवढ्यात शेजारच्या साच्यावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटलेला असतो. तो वेळेत सांधला नाही तर कापडात उभी फट धरते आणि तेवढं कापड खराब म्हणून बाजूला पडतं. दोन साच्यांवर ही धावपळ जमते. तिसरा दिला की एकावर वाकलेलं असताना दोन नजरेआड राहतात.

चांगल्या सुतावर तीन साचेही चालवता येतात, हे खरं आहे आणि मालक हेच पुढे करत. पण धागा किती तुटणार हे कापसावर ठरतं. हलका कापूस मिसळला, खात्यातली हवा कोरडी ठेवली, की धागा सारखा तुटणार. कापूस निवडणं मालकाच्या हातात आणि खराब कापडाचा दंड विणकराला. दंडही कसा, तर त्या कापडाची किंमत पगारातून कापायची आणि कापड त्याच्याच गळ्यात मारायचं. मग त्यानं ते बाजारात नेऊन मिळेल त्या भावानं विकायचं.

ही नवी पद्धत आधी ई. डी. ससून समूहाच्या गिरण्यांत आली. विणाईत दोनाऐवजी तीन साचे, कताईत रिंगच्या (सूत कातायच्या यंत्राच्या) एका बाजूऐवजी दोन बाजू. तिथं जानेवारी १९२८ पासूनच काम बंद पडायला लागलं होतं. तीन साचे घेणाऱ्याची कमाई थोडी वाढते, हेही मालक सांगत. पण सहा साच्यांवर आधी तीन विणकर होते, आता दोन पुरतात. तक्त्यावर हे शब्दांत लिहूच नका. वर सहा साचे आणि तीन माणसं, खाली सहा साचे आणि दोन माणसं, तिसरा फाटकाबाहेर, एवढं चित्र काढा.

दुसरी गोष्ट बहुतेक स्मरणिकांत सुटते, ती वजनाची. विणकराची मजुरी कापडाच्या वजनावर होती, पौंडाला अमुक पैसे. जपानी मालाशी स्पर्धा वाढली तशा गिरण्या जाड्याभरड्या कापडाकडून बारीक सुताच्या कापडाकडे वळायला लागल्या. बारीक कापडात धोट्याच्या फेऱ्या तेवढ्याच किंवा जास्त, श्रम जास्त आणि वजन कमी. म्हणजे दर एका पैशानंही न बदलता महिन्याची कमाई उतरली. पगारकपातीचा कागद कुठं लागला नव्हता, पण पगाराच्या दिवशी हातात कमी पडत होतं. संपाआधीच्या महिन्यांत गिरणीगणिक वेगवेगळी कुरबुर का उठत होती ते यातून समजतं. प्रत्येक गिरणीत कापड वेगळं, दर वेगळा, म्हणून घटही वेगळी. सगळ्या गिरण्यांत एकाच कामाला एकच दर, ही मागणी त्यातूनच आली.

आणखी एक शब्द तक्त्यावर नक्की घ्या, 'डबल खाडा'. एक दिवस न सांगता गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापायची. संप समितीनं १७ मागण्या मांडल्या, त्या वाचताना ही सगळी घरगुती दुखणी समोर ठेवा.

---

भाऊचा_धक्का

सहा महिने जगली कशी, यावर लिहितो. 'गावी गेले' हे उत्तर अर्धंच आहे.

मुंबईत त्या काळी शंभरातली ऐंशीच्या वर माणसं शहराबाहेर जन्मलेली होती. गिरणीत सगळ्यांत जास्त भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा, म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात धरा. त्याखालोखाल सातारा, पुणे, नगर, कोल्हापूरकडचे घाटी. मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, वरळी-कामाठीपुऱ्याकडे तेलंगणातले पद्मशाली. कोकणातला माणूस बहुधा एकटा यायचा. बायको, आईबाप, वीतभर जमीन गावी. तो पैसे पाठवायचा आणि त्यातून खोताचं (गावच्या जमिनीचा सारा वसूल करणाऱ्याचं) देणं फिटायचं.

आता कॅलेंडर बघा. संप पसरला एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात. कोकणच्या बोटी पावसाळ्यात बंद असत. कोकण रेल्वे १९९८ ची, तेव्हा दुसरा सोयीचा रस्ता नव्हता. म्हणजे ज्याला गावी जायचं त्याला मे संपायच्या आत भाऊच्या धक्क्यावरून बोट गाठायला हवी. हजारो माणसं तशी गेली. गेली ती पेरणी-लावणीच्या तोंडावर पोचली, जिथं दोन हातांचा उपयोग होता. मुंबईत त्यांचं खाणंही वाचलं आणि फाटकावर कामावर घ्यायला माणसंही कमी उरली. संप मिटला ऑक्टोबरच्या सुरुवातीला, भात कापायला आलं तेव्हा. हा संप जानेवारीत सुरू झाला असता तर गावी जाऊन करणार काय? शेतात काम नाही आणि कणगी अर्धी झालेली.

पण गावाला फार मोठं करू नका. रत्नागिरीतल्या त्या तुकड्यांवर वर्षाचं पोट भरत असतं तर माणूस मुंबईला आलाच नसता. शिवाय खोताला द्यायचं ते गिरणीच्या पैशातून जात होतं आणि तो पैसा आता थांबला होता. गावाचा आधार दोन-तीन महिन्यांचा. पुढे १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी खोतीविरुद्ध मुंबईच्या कौन्सिल हॉलवर मोर्चानं आले, त्यात गिरणी आणि शेत यांचं हे नातं उघड दिसतं. गावी खोत सैल झाला की शहरात मालकापुढे ताठ उभं राहता येतं.

जे मुंबईतच राहिले, विशेषतः ज्यांची बायकापोरं इथं होती, त्यांचं काय? तीन आधार होते.

पहिला वाण्याची उधारी. गिरणीत पगार महिन्याचा आणि तोही पुढच्या महिन्यात जवळपास अर्धा महिना उलटल्यावर मिळायचा. त्यामुळे कामगार एरवीही दोन आठवडे ते दीड महिना उधारीवरच जगत असे. वाण्याकडची वही संपासाठी उघडलेली नव्हती, ती चालूच होती. संपात ती वाढत गेली. वाणी देत राहिला याचं कारण त्याचं सगळं गिऱ्हाईक गिरणीचंच. एकाची उधारी तोडली तर चाळीतले पन्नास जण दुसऱ्या दुकानी जाणार आणि आधीचे पैसे बुडणार. खोलीच्या भाड्याचंही तेच. एका भाडेकरूला बाहेर काढता येतं, सगळी चाळ थकली की मालक कोणाला काढणार आणि जागी कोणाला आणणार?

दुसरा आधार खाणावळ. एखादी बाई दहा-वीस-तीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक करायची आणि हिशोब पगाराच्या दिवशी. संपात पगाराचा दिवसच नाही. तरी माणसं जेवत राहिली कारण बाईनं वाण्याकडे स्वतःच्या नावावर उधार घेतलं, नाहीतर अंगावरचं मोडलं. संपाचा सगळ्यांत जड बोजा या बायकांनी उचलला आणि सभासदांच्या यादीत त्यांचं नाव कधी नव्हतं. त्यांची स्वतःची संघटना व्हायला १९७५ उजाडलं. प्रेमाताई पुरव, मूळच्या गोव्याच्या मुक्तिलढ्यातल्या, त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा त्या सावकारी व्याजातून सुटायला लागल्या. तुमच्या बारा तक्त्यांत खाणावळीला अख्खा एक तक्ता द्या, ही माझी आग्रहाची विनंती.

तिसरा आधार गावकीची खोली. एका गावाची किंवा वाडीची मंडळी मिळून खोली भाड्यानं घेत. दरमहा ठरलेली वर्गणी भरली की गावातल्या कोणाही पुरुषाला पाठ टेकायला जागा. भिंतीला ओळीनं पत्र्याच्या पेट्या, वर खुंटीला कपडे, मधे वळकट्या. काम गेलेल्या माणसालाही बाकीचे सांभाळून घेत. आज ना उद्या आपली पाळी येणार हे सगळ्यांना ठाऊक. अमुक जण फाटकाकडे फिरकला, ही बातमी या खोलीत संध्याकाळी पोचायची आणि चार दिवसांत गावीही. कामावर जाणाऱ्याला फाटकावरच्या पहाऱ्यापेक्षा गावकीची लाज जास्त वाटायची.

संप समितीनं धान्यवाटपही केलं. निधी गोळा झाला, रशियातल्या कापड कामगारांकडूनही पैसे आले आणि सरकारनं त्याचा मोठा बाऊ केला. पण दीड लाख माणसांत ती मदत वाटायची म्हटली तर फार थोडी. संप बाहेरच्या पैशावर चालला हे त्या वेळच्या सरकारी मंडळींचं म्हणणं हिशोबाला टिकत नाही.

आणि एक गोष्ट कामगारांच्या बाजूनं लिहिणारे टाळतात, तुम्ही टाळू नका. पहिले काही महिने मालकांनाही घाई नव्हती. गोदामं न विकलेल्या मालानं भरलेली होती. गिरणी बंद म्हणजे मजुरी वाचली आणि पडून असलेला माल निघाला. दबाव चढला तो माल उपसल्यावर. ऑगस्टमध्ये गिरण्या टप्प्याटप्प्यानं उघडून पाहिल्या तर माणसं आली नाहीत. तेव्हा बोलणी खऱ्या अर्थानं सुरू झाली.

---

चाळ_क्रमांक_१२

भाऊचा_धक्का, फार मोलाचं लिहिलंत. बोटी पावसाळ्यात बंद असत हे आम्हाला सुचलंच नव्हतं. खाणावळीचा तक्ता नक्की घेतो. आता मुकादमाचं कोणीतरी सोडवा.

---

वाइंडिंग_खाते

मुकादमाआधी थोडं थांबा. 'गिरणी कामगार' म्हणून तक्त्यावर एकाच जातीचा, एकाच पेहरावाचा पुरुष काढू नका.

त्या काळी कामगारांत साधारण पाचातली एक बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग (सूत गुंडाळायची) ही बायकांची खाती. त्यांच्यावर पुरुष मुकादम नव्हे तर नायकीण असायची आणि तिची दस्तुरी (काम दिल्याबद्दल घ्यायचे पैसे) वेगळी. संपात पार्वतीबाई भोर आणि उषाताई डांगे यांच्यासारख्या बायका चाळीचाळींतून फिरल्या. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. पण पुढे गिरण्यांत बायकांचं प्रमाण घटतच गेलं. रात्रपाळी वाढली आणि बायकांना रात्री काम करायला कायद्यानं मनाई होती. नव्या यंत्रांनी त्यांचीच खाती आधी आकसली. बाईवर बाळंतपणाचा खर्च येतो म्हणून नवी भरतीही टाळली गेली.

दुसरं, धोटा. वर धोटा_कांडी यांनी 'सुताचं टोक भोकातून बाहेर घ्यायचं' असं लिहिलंय. ते कसं घ्यायचे? धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वासानं ओढायचे. एकच धोटा दिवसभरात किती तोंडांना लागणार. एवढ्या एका क्रियेचं निमित्त करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात येऊ देत नसत, आणि जास्त कमाईचं खातं तर तेच. त्यांना रिंगखात्यात आणि आणखी हलक्या कामांत ठेवलं जाई. बंदी मालकानं फलक लावून घातलेली नव्हती, सवर्ण विणकरांनी पाळायला लावलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपातच हा प्रश्न उभा केला. एकजूट मागता तर साचेखातं उघडा, असा तो रोख होता. संपाच्या पुढाऱ्यांना ही मागणी कागदावर घ्यावी लागली. प्रत्यक्षात दार बरीच वर्षं बंदच राहिलं, आणि आपल्याच माणसांना संप किती परवडतो हा बाबासाहेबांचा प्रश्न त्यामुळे रास्त होता. विणकराची तक्रार कमाई घटल्याची. ज्याला साचाच मिळत नाही त्याला त्या तक्रारीत वाटा नव्हता, उपासात मात्र होता.

पुढे ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. तो बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावट्याची (कम्युनिस्ट) मंडळी यांनी मिळून केला. दहा वर्षांत हे दोघं एका व्यासपीठावर येऊ शकले, ही नोंद संपाच्या तक्त्यांत हवी.

प्रदर्शनात खरा धोटा ठेवणार असाल तर तो उलटा करून भोक दिसेल असा ठेवा आणि शेजारी हे लिहा.

---

मस्टर_रोल

मुकादमाच्या बाबतीत तुमच्या दोन्ही तटांचं म्हणणं थोडं थोडं खरं आहे, कारण तो मधला माणूस होता.

गिरणीचा व्यवस्थापक माणसं थेट घेत नसे. मुकादम आपल्या गावची, ओळखीची माणसं आणायचा, कामावर लावायचा, साचे-यंत्रांवर देखरेख करायचा. बदल्यात दस्तुरी घ्यायचा. काम मिळताना एक, आणि पुढेही अधूनमधून. खोली मिळवून देणं, कर्ज देणं किंवा कर्जाला जामीन राहणं, हेही तोच. रोज फाटकावर बदली कामगार (गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरते घेतले जाणारे) उभे असत आणि आज कोणाला आत घ्यायचं हे त्याच्या बोटावर. एवढं सगळं हातात म्हणजे तो मालकाचा माणूस, हे एका तटाचं म्हणणं.

आता दुसरी बाजू. मुकादमाची किंमत त्याच्यामागे किती माणसं आहेत त्यावर. माणसं बाहेर पडली आणि हा एकटाच आत राहिला तर दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाला त्याचा उपयोग शून्य. राहायचंही त्याच वाडीत, वर्गणीही त्याच मंडळात. त्यामुळे संपात बरेच मुकादम माणसांबरोबर बाहेर पडले. काही पुढेही होते, काहींनी छुपेपणानं माणसं आत नेऊन पाहिली. तक्त्यावर 'मुकादम ज्या बाजूला माणसं त्या बाजूला झुके' असं लिहिलंत तर चुकणार नाही.

युनियननं नेमकं इथंच बोट ठेवलं. संपानंतर गिरणीगिरणीत 'गिरणी कमिट्या' बसल्या, खात्याखात्यातून निवडलेल्या. तक्रार मुकादमाकडे नेऊन दस्तुरी द्यायची त्याऐवजी ती कमिटीकडे न्यायची, कमिटीनं व्यवस्थापकाशी थेट बोलायचं. मालकांना वाढीव दरापेक्षा ही गोष्ट जास्त टोचली. पुढे १९३० च्या दशकात मालक संघानं स्वतःच बदली कार्डांची पद्धत आणली आणि मुकादमाच्या हातातली भरती थोडी काढून घेतली. युनियनला माणसांपर्यंत पोचायला तीच वाट सापडली होती, हे त्यामागचं एक कारण.

संघटना कशी उभी राहिली तेही थोडक्यात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत मजुरी. पण त्या संघटनेला सभासदांची वही नव्हती, वर्गणी नव्हती, निधी नव्हता. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये गेले आणि ती थांबली. त्यानंतरची तीस वर्षं संप झाले, मोठे झाले, पण संप मिटला की संघटना विरून जायची.

फरक पडला तो १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानं. सात सभासद मिळून नोंदणी करता येऊ लागली, आणि नोंदलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर संपाबद्दल कटाचा खटला भरण्याची भीती कमी झाली. पदाधिकाऱ्यांत निम्मे तरी प्रत्यक्ष कामावरचे हवेत, अशीही अट होती. अर्जुन आत्माराम आळवे आणि कासले यांच्यासारखे गिरणीतलेच कामगार आधी गिरणी कामगार महामंडळ चालवत होते. बाहेरच्या शिकलेल्या मंडळींबद्दल ते सावध असत. संपात डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर या कम्युनिस्ट पुढाऱ्यांबरोबर ते आले आणि लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन नोंदली गेली. ना. म. जोशी यांची मवाळ टेक्स्टाइल लेबर युनियन वेगळी होती, पण संप चालवायला दोघांची संयुक्त समिती होती. ती टिकली नसती तर हा संप दोन महिन्यांत फुटला असता.

अनुभवाचाही वाटा होता. तीनच वर्षांआधी, १९२५ मध्ये, साडेअकरा टक्के पगारकपातीविरुद्ध अडीच महिन्यांचा संप झाला होता. सरकारनं डिसेंबरात कापडावरची साडेतीन टक्के जकात उठवली आणि मालकांनी कपात मागे घेतली. ताणून धरलं तर मिळतं, हे लोकांनी नुकतंच पाहिलेलं होतं.

---

बदली_कार्ड

१९८२ चं मी लिहितो. तुलना करताना 'संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत हट्टी होते' एवढ्यावर थांबू नका. १९२८ मध्ये नसलेल्या दोन गोष्टी १९८२ मध्ये होत्या.

एक म्हणजे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्यानुसार एका स्थानिक क्षेत्रातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन. मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. पगार, बोनस, कामाच्या पद्धती, सगळ्यांवर बोलणी तिच्याशीच, आणि तिनं केलेली सही सगळ्यांवर बंधनकारक, मग तुम्ही तिचे सभासद असा वा नसा. दुसऱ्या युनियननं तिची जागा घ्यायची तर ठरलेल्या टक्क्यांइतके सभासद, सलग काही महिने वर्गणी भरलेले, वहीत दाखवायचे आणि निबंधकाकडून तपासून घ्यायचे. अट सगळ्या मुंबईतल्या गिरण्या मिळून, एका गिरणीपुरती नव्हे. सामंतांच्या मागे माणसं होती यात शंका नाही. पण संपात पगार बंद असताना अडीच लाख माणसांच्या उद्योगात महिनोन्महिने वर्गणीच्या पावत्या फाडून दाखवणार कशा? म्हणून तर खुद्द हा कायदा रद्द करा, ही मागणी संपात होती. बदली कामगारांना कायम करा, ही दुसरी मोठी. पगारवाढ तर होतीच. मालकांना मात्र सरळ सांगता येत होतं की आमची बोलणी कायद्यानं दुसऱ्या युनियनशी आहेत.

दोन, कापड दुसरीकडे विणता येत होतं. १९२८ मध्ये मुंबईची गिरणी बंद म्हणजे त्या मालकाचं कापड बंद. १९८२ पर्यंत भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत यंत्रमाग पसरलेले होते. संप चालू असताना गिरणीमालक भिवंडीत कापड विणून घेत आणि त्यावर स्वतःचा छाप मारून विकत. तिथल्या शेडमध्ये युनियन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. वीज वापरणाऱ्या ठिकाणी तेव्हा दहा कामगार झाले की फॅक्टरी कायदा लागू व्हायचा, म्हणून एकच शेड कागदोपत्री तीन-चार नावांवर फोडलेली. पुन्हा मागावर बसलेलाही स्थलांतरितच, कोणी तेलंगणातला, कोणी उत्तर प्रदेशातला. त्याच्याशी गिरणगावाचं ना गावकीचं नातं ना खाणावळीचं. फाटकावर पहारा ठेवून हे थांबवता येत नाही, कारण माल गिरणीच्या फाटकातून निघतच नव्हता.

गावाचा आधार मात्र १९८२ मध्येही चालला, १९२८ पेक्षा जास्त. १८ जानेवारीला संप सुरू झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गाड्या भरून गेल्या. माणसं वर्षभर टिकली ती त्यावर. पण १९२८ मध्ये टिकून राहण्यानं मालकावर दबाव वाढत होता, इथं वाढत नव्हता. जुनी यंत्रं, तोट्यातल्या गिरण्या, त्यामुळे काही मालकांना बंद पडलेलीच बरी. १९८३ मध्ये केंद्र सरकारनं १३ गिरण्या ताब्यात घेतल्या. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. माणसं एकेक करून परतली, जितक्यांना परत घेतलं तितकी. गिरण्यांच्या जमिनीचा भाव हा मुद्दा मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीनंतर खरा तापला, तो १९८२ च्या तक्त्यात घुसवू नका.

---

चाळ_क्रमांक_१२

सगळ्यांचे मनापासून आभार. १९२८ च्या मुख्य तक्त्याचा मजकूर असा केलाय. बघून चुका सांगा.

'१८८४ मध्ये लोखंडे यांनी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. एप्रिल १९२८ मध्ये कॉ. डांगे अध्यक्ष असलेल्या गिरणी कामगार युनियनने संपाची हाक दिली. दीड लाख कामगार सहा महिने संपावर होते. ऑक्टोबरात सर्व मागण्या मान्य झाल्या. १९२९ मध्ये पुन्हा संप झाला, तोही यशस्वी ठरला.'

---

मस्टर_रोल

पाच वाक्यांतलं फक्त मधलं बरोबर आहे, म्हणून एकेक घेतो.

रविवारची सुट्टी मागितली १८८४ मध्ये, मिळाली १० जून १८९० पासून. मधली सहा वर्षं गाळू नका. त्याच वर्षी २४ एप्रिलला दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तिथं दोन कामगार बायका बोलल्या, हेही घालता येईल.

युनियनचे अध्यक्ष आळवे, डांगे सरचिटणीस. आणि हाक युनियननं दिली असं लिहिता येणार नाही. संप एप्रिलमध्ये पसरला आणि युनियनची नोंदणी झाली मे अखेरीस. सुरुवातीला सभासद काहीशे, डिसेंबर १९२८ पर्यंत ५४ हजार. संपातून युनियन उभी राहिली, हा क्रम तुमच्या तक्त्यावर ठळक यायला हवा.

'सर्व मागण्या मान्य' तर अजिबात नाही. तूर्त जुन्या दरानं कामावर यायचं आणि वाद सरकारनं नेमलेल्या फॉसेट चौकशी समितीकडे द्यायचा, असं ठरलं. समितीचा अहवाल मार्च १९२९ मध्ये आला. मालकांनी सुचवलेली विणकरांची साडेसात टक्के कपात तिनं समर्थनीय ठरवली, पण अमलात आणू नये असंही सुचवलं. तीन साच्यांची पद्धत तत्त्व म्हणून नाकारली नाही.

शेवटचं वाक्य काढूनच टाका. २० मार्च १९२९ ला मीरत खटल्यासाठी (कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरचा कटाचा खटला) डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर, आळवे, कासले यांच्यासकट पुढारी पकडले गेले. वाडिया समूहाच्या गिरण्यांतल्या बडतर्फीवरून एप्रिलच्या अखेरीस सार्वत्रिक संप पुकारला तो हरला. आधीचा संप मिटून जेमतेम सात महिने झाले होते. वाण्याच्या वहीतली १९२८ ची उधारी अजून फिटायची होती आणि त्याच वहीत नवं पान उघडायला वाणी तयार नव्हता.